छत्तीस खाचा

उस्ताद वळसे मोजायचे भिंतीकडं तोंड करून.
ओठ हलायचे, आवाज नाही.
किती? विचारलं तर म्हणायचे, तांब्याला विचार.
नऊ वर्षं मी वार्निश लावलं, कागद कापले,
जळक्या मोटारींतून काळी तार उपसली,
स्टेशनवरून चहा आणला.
आकडा काही मिळाला नाही.

ते गेले, अन् दुकान माझ्याकडं आलं,
म्हणजे शटर, ग्राइंडर, दोन स्टुलं
अन् एक वही:
उघड्या चोची, उलट्या चोची, ठिपके.
मरताना सुद्धा कुलूप लावून गेला म्हातारा,
असं मी मनात म्हणालो. दोनदा.

सेलूत तेव्हा रेंज यायची ती टाकीखाली.
तिथं उभं राहून पहिल्यांदा लिहिलं
शहाण्णव अनोळखी माणसांत:
साडेसात एचपी, छत्तीस खाचा, बावीसची दुहेरी तार.
टर्न किती?
लिहिलं अन् लाज वाटली.
फोन पालथा करून खिशात घातला,
जसा कुणी ओळखीचा समोरून येतोय.

रात्री उदगीरहून लतीफचाचांचा आवाज आला,
मागं कुकरच्या शिट्ट्या:
"बेटे, पैले ये बोल, पिच कित्ती है?"
प्रश्नाला प्रश्नच.
पण तोंड माझ्याकडं होतं.

मग किनवटचा आत्राम, जो लिहीत नाही,
नुसते स्वतःच्या हाताचे फोटो टाकतो,
तार धरलेली, कागद दुमडलेला.
भोकरची वनमाला, आयटीआयच्या बॅचमधी एकटी पोरगी,
लाल पेनानं कॉइलच्या आकृत्या काढते.
अंबाजोगाईचे गुट्टे सर, चूक दाखवायच्या आधी नमस्कार लिहिणारे.
अन् तो एक, नाव माहीत नाही,
रोज सकाळी गुलाब पाठवणारा.
त्याला काढून टाका म्हणत होते सगळे.
मग एका दुपारी त्यानं गुलाबाखाली
बेअरिंगचा नंबर लिहिला, जो कुठंच सापडत नव्हता.
राहू दिला.

एकदा कुणीतरी सांगितलं, छप्पन्न भर.
भरले.
पिठाच्या गिरणीचा मालक समोर उभा,
अन् पाचव्या मिनिटाला धूर.
मी फोटो टाकला. खाली एकच शब्द: जळली.
वाटलं, आता हसतील.
आत्रामनं एक काळी कॉइल टाकली. त्याची.
मग चाचांनी. मग सरांनी, जुन्या अल्बममधून काढून.
रात्री एकपर्यंत येतच होत्या
ज्याच्या त्याच्या जळालेल्या मोटारी.
शाळा तर त्या रात्री भरली, असं मला वाटतं.

त्याच रात्री मी वही काढली.
दहा वर्षं कुणाला दाखवली नव्हती.
धंद्याची वही कोण दाखवतं?
पान बाराचा फोटो काढला,
अंगठा बटणावर बराच वेळ तसाच.
बायको म्हणाली, कामून जागे हाव?
पाठवला.

चाचांचा आवाज लगेच आला, हसत:
"अरे, ये तो उर्दू के हिंदसे है रे.
साफ लिखेले है. बेचाळीस."
बेचाळीस.
उस्ताद निजामाच्या राज्यात शाळेत गेलेले,
येत होते त्या आकड्यांत त्यांनी लिहिलं होतं.
शेजारच्या पानवाल्यानंही वाचून दिलं असतं,
मी विचारलं असतं तर.

भिंतीचं कोडं तेवढं राहिलं.
पण परवा वनमालासाठी वळसे भरत होतो,
फोन स्टुलावर, रेकॉर्डिंग चालू,
रस्त्यावरून बँड गेला अन् माझी मोजणी चुकली.
पहिल्यापासून सुरू करताना
मी आपोआप भिंतीकडं वळलो.

एक, दोन, तीन,
मोठ्यानं.